आयांनी आयांना शिकवायचं : बाळाच्या वरच्या अन्नामागची पार्श्वभूमी

बाळाला वरचं अन्न कधी, किती आणि कसं भरवायचं हे डॉक्टर-नर्सनं सांगण्याऐवजी त्याच वस्तीतल्या, स्वतः लहान मूल वाढवणाऱ्या बाईनं सांगायचं, अशा कार्यक्रमांबद्दल आता बरंच छापून येतं. पण ही पद्धत आली कुठून आणि तिच्यात "६ महिने" हा आकडा इतका घट्ट कसा बसला, हे सहसा कुणी उलगडून सांगत नाही, म्हणून हे टिपण. अंगावरचं दूध का चांगलं वगैरे इथे परत लिहीत नाही, ते सगळ्यांना पाठ आहे.

लांबचा इतिहास थोडक्यात. १८६२ मध्ये मँचेस्टर-सॅलफर्डच्या गरीब वस्त्यांत घरोघरी जाऊन स्वच्छता आणि मुलांची निगा समजावायला कामकरी वर्गातल्याच बायका नेमल्या गेल्या होत्या. पुढच्या ४०-५० वर्षांत ते काम हळूहळू शिकलेल्या, प्रशिक्षित बायकांकडे गेलं, १९०७ मध्ये तर लंडनमध्ये आयांसाठी शाळाच निघाली, आणि आई ही समोर बसून ऐकणारी विद्यार्थिनी झाली. उलटा प्रवाह १९५६ चा. शिकागोजवळच्या एका उपनगरात ७ आया एकत्र आल्या आणि ज्यांना अंगावर पाजायचंय पण घरात-दवाखान्यात सांगणारं कुणी नाही अशा बायकांशी बोलायला लागल्या. त्यातून जगभर गट उभे राहिले. पण ते गट प्रामुख्याने दुधापुरते होते, वरच्या अन्नाचा प्रश्न तिथून सुटला नाही.

तो प्रश्न हातात घेतला गेला हैतीत, १९६० च्या दशकात. कुपोषित मुलांना हॉस्पिटलमध्ये भरती करायचं, ती सुधारायची, घरी जायची आणि पुन्हा तशीच परत यायची. म्हणून गावातच एका साध्या घरात मुलं रोज आणायची, तिथे मिळतं त्याच धान्या-भाजीचा स्वयंपाक करायचा, आणि आयांनी आळीपाळीनं चुलीशी उभं राहायचं असं केंद्र काढलं. आपलं मूल आपल्याच गावच्या अन्नावर अंगानं भरतंय हे आईनं डोळ्यांनी बघायचं, सगळी मदार त्यावरच होती.

मग व्हिएतनाम. १९९० च्या शेवटी तिथल्या थान्ह होआ प्रांतात काम करायला गेलेल्या परदेशी संस्थेला सरकारनं ६ महिने दिले होते, तेवढ्यात काहीतरी दिसलं पाहिजे. त्यांनी ३ वर्षांखालची मुलं वजन करून घेतली आणि गावकऱ्यांना एकच गोष्ट शोधायला लावली : अत्यंत गरीब असूनही ज्यांचं मूल चांगलं वाढलंय अशी घरं कुठली? अशी घरं सापडली. त्या घरातल्या आया भातशेतातले इवलेसे झिंगे आणि खेकडे वेचून आणायच्या आणि बाळाच्या भातात घालायच्या, रताळ्याचा पाला घालायच्या, जो फुकट होता पण लहान मुलाला चालत नाही असं गाव समजत होतं. बाकीच्या घरांत दोनदा जेवण असताना या दिवसातून ३-४ वेळा थोडं थोडं भरवायच्या, जुलाब लागले तरी भरवणं थांबवायच्या नाहीत. पुढे जी शिबिरं झाली त्यात आईनं यायचं असेल तर मूठभर झिंगे किंवा पाला घेऊनच यायचं, तोच तिचा प्रवेश. मला या सगळ्या इतिहासातला हा तपशील सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण सकाळी शेतात वाकून ते वेचताना शिकण्याचा अर्धा भाग होऊन जायचा, शिबिरात नुसतं शिजवायचं आणि भरवायचं राहायचं. याला पुढे "सकारात्मक विचलन" असं जड नाव पडलं. सोप्या शब्दांत, उत्तर गावातच कुणाच्या तरी घरात आहे, ते शोधा आणि बाकीच्यांना करून बघू द्या.

१९९५ मध्ये मोझांबिकच्या गाझा प्रांतात तिसरा धागा आला. तिथे १०-१५ स्वयंसेविकांचा एक गट, प्रत्येकीकडे शेजारची १०-१५ घरं, आणि दर २ आठवड्यांनी पगारी कार्यकर्ती गटाला एकच धडा शिकवणार, तोच धडा या बायका आपापल्या घरांत नेणार. हिशोब करून बघा, एका कार्यकर्तीकडे ५ गट, गटात १० जणी, प्रत्येकीची १० घरं धरली तरी ५०० घरं होतात, आणि कुठलीच बाई १० पेक्षा जास्त उंबरे चढत नाही. नंतर अशा गटांचे निकष ठरले त्यातही एका बाईकडे १५ पेक्षा जास्त घरं नकोत, महिन्यातून किमान एकदा भेट हवीच, असं आलं. हा १५ चा आकडा तांत्रिक वाटतो पण तो बाईच्या वेळेचा आकडा आहे, ती हे काम बिनपगारी करते आणि तिच्याही कडेवर मूल असतं.

आणि मग त्याच दशकाच्या शेवटी ते दोन अभ्यास आले ज्यांनी शंका घेणाऱ्यांना गप्प केलं. १९९९ मध्ये मेक्सिको सिटीचा आला : शेजारच्या प्रशिक्षित बायकांनी ६ वेळा भेट दिलेल्या घरांत ३ महिन्यांपर्यंत निव्वळ अंगावर पाजण्याचं प्रमाण ६७ टक्के, ३ भेटी दिल्या तिथे ५० टक्के, आणि कुणीच गेलं नाही तिथे १२ टक्के. २००० मध्ये ढाक्याचा आला, तिथे बाळंतपणाच्या आधीपासून १५ भेटी होत्या, आणि ५ व्या महिन्यात ७० टक्के विरुद्ध ६ टक्के. ढाक्यातल्या या सल्लागार बायका जास्त शिकलेल्या नव्हत्या, १० दिवसांचं ट्रेनिंग झालेलं, पण बाळ रडतंय आणि सासू म्हणतेय दूध पुरत नाही अशा वेळी शेजारी बसून बाळाला नीट धरायला लावणारं माणूस घरात होतं.

आता ज्या निर्णयावर अजूनही वाद होतो त्याकडे येतो, कारण या पद्धतीचं नंतरचं सगळं वळण तिथेच ठरलं असं माझं मत आहे. २००१ च्या आधी जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला "४ ते ६ महिने" असा होता, म्हणजे एवढ्या काळात कधीतरी वरचं अन्न सुरू करा. १९९४ च्या ठरावात "साधारण ६ महिने" असा शब्द आला, तरी बऱ्याच कागदांवर ४ ते ६ च राहिलं, आणि त्यात कुणाचा फायदा होता हेही उघड होतं, तयार बाळअन्नाच्या बाटलीवर "४ महिन्यांपासून" छापता यायचं. मार्च २००१ मध्ये तज्ज्ञांची बैठक झाली, मे मध्ये ठराव आला : पहिले ६ महिने फक्त अंगावरचं दूध. पुरावा म्हणून जो आढावा समोर होता त्यात प्रयोग म्हणावेत असे दोनच अभ्यास होते, दोन्ही होंडुरासमधले आणि छोटे, आणि सोबत बेलारूसमधल्या हजारो बाळांची निरीक्षणं. ६ महिने फक्त दूध मिळालेल्या बाळांना पोटाचे संसर्ग कमी झाले, वाढीत तोटा दिसला नाही, आईची पाळी उशिरा परत आली. लोहाचा प्रश्न मात्र तिथेच टिपून ठेवला होता, आणि हा सल्ला सगळ्या समाजासाठीचा आहे, एखादं बाळ वेगळं असू शकतं, हेही.

विरोध कधीच पूर्ण थांबला नाही. ब्रिटननं २००३ मध्ये ६ महिने स्वीकारले आणि २०११ मध्ये तिथल्याच काही डॉक्टरांनी लोहाची कमतरता आणि ॲलर्जीचा मुद्दा काढून यावर पुन्हा विचार करा म्हटलं. युरोपातले पोटविकाराचे बालतज्ज्ञ १७ आठवड्यांच्या आधी नको आणि २६ च्या पुढे नको असं म्हणत आले. २०१५ मध्ये ॲलर्जीचा धोका असलेल्या बाळांना ४ ते ११ महिन्यांत शेंगदाणा सुरू केला तर पुढची ॲलर्जी खूप कमी होते हे दिसल्यावर तर वादाला नवं बळ आलं. हे मुद्दे खोटे नाहीत. पण ते ज्या देशांत मांडले गेले तिथे स्वच्छ पाणी नळाला आहे आणि बाळाची तब्येत बघायला माणूस आहे. जिथे वरच्या अन्नाबरोबर जुलाब घरात येतात तिथे २ महिने अलीकडे-पलीकडे हा जिवाचा प्रश्न असतो, त्यामुळे माझं झुकतं माप ६ कडे आहे आणि ते मी लपवत नाही.

शिवाय एक गोष्ट त्या वादात फारशी बोलली जात नाही. "४ ते ६" हे वाक्य तोंडोतोंडी टिकत नाही. पहिली बाई दुसरीला सांगते चौथ्यापासून चालतं, दुसरी तिसरीला सांगते चौथा लागला की, आणि चौथा लागला म्हणजे ३ पूर्ण. "६ महिने पूर्ण" हे वाक्य मात्र दहा तोंडांतून गेलं तरी ६ च राहतं. ज्या पद्धतीचा सगळा डोलारा एका बाईनं दुसरीला सांगण्यावर उभा आहे तिला असंच वाक्य लागतं.

त्याची किंमतही मोजावी लागली. "६ महिने काही देऊ नका" हे इतकं पक्कं बसलं की त्या वाक्याचा दुसरा अर्धा, म्हणजे ६ पूर्ण झाल्या झाल्या सुरू करा आणि घट्ट अन्नानं सुरू करा, हा मागे पडला. आणि खरं अवघड काम तिथेच आहे. ६ व्या महिन्याच्या आसपास बाळानं जन्मताना आणलेला लोहाचा साठा संपत येतो, ६ ते ८ महिन्यांत दुधाशिवाय रोज २०० च्या आसपास कॅलरी लागतात, ९ ते ११ मध्ये ३००, आणि वर्षानंतर ५५०. पोट मात्र एवढंसं, वजनाच्या दर किलोला साधारण ३० ग्रॅम मावेल इतकं, ७ किलोच्या बाळाला एका वेळी २१० ग्रॅमच्या पुढे जातच नाही. त्यात पातळ पाणीदार लापशी भरली तर पोट भरतं, बाळ शांत होतं, आईला बरं वाटतं आणि वाढ खुंटते. घशात अडकेल ही भीती खरी असते, ती पोस्टर बघून जात नाही. ती जाते शेजारणीनं तिच्याच वाटीतलं अन्न चमच्यात घेऊन चमचा तिरका करून दाखवला की, ओघळलं तर पातळ, चमच्यावर बसून राहिलं तर बरोबर, आणि मग तिच्या समोर तिच्याच बाळानं ते गिळलं की.

शब्दांचाही घोळ याला कारणीभूत आहे. इंग्रजीत आधी "वीनिंग" म्हणायचे, त्यात दूध तोडण्याचा अर्थ यायचा म्हणून तो शब्द बाजूला केला. आपल्याकडे त्याजागी "पूरक आहार" आला, पण तोच शब्द योजनेतून वाटल्या जाणाऱ्या जादाच्या आहारालाही वापरतात, त्यामुळे "पूरक आहार सुरू केला का" विचारलं की समोरच्या बाईच्या डोळ्यापुढे पाकीट येतं, स्वतःच्या घरातली वाटी येत नाही. मी तरी "वरचं अन्न" च म्हणतो, ते लगेच कळतं.

नंतरच्या वर्षांत पद्धतीच्या मर्यादाही दिसल्या. २००५ मध्ये पेरूतून आलेल्या अभ्यासात घट्ट अन्न, त्यात अंडं-मासे-काळीज अशा मोजक्या सल्ल्यांनी १८ व्या महिन्यात खुंटलेली मुलं १६ टक्क्यांच्या जागी ५ टक्के झाली, पण ते काम आरोग्य केंद्रातल्या कर्मचाऱ्यांनी केलं होतं, म्हणजे सल्ला नेमका असेल तर सांगणारा बरोबरीचाच हवा असं नाही. २०११ मध्ये आफ्रिकेतल्या तीन देशांत एकाच पद्धतीनं आया नेमून बघितल्या : १२ व्या आठवड्यात निव्वळ अंगावर पाजणं युगांडात ८२ विरुद्ध ४४ टक्के, बुर्किना फासोत ७९ विरुद्ध ३५, आणि दक्षिण आफ्रिकेत १० विरुद्ध ६. तिथे एचआयव्हीच्या भीतीनं सरकारी केंद्रांतून फुकट पावडरचं दूध दिलं जात होतं, धोरणाच्या विरुद्ध दिशेनं एकटी शेजारीण किती ओढणार. ब्रिटनमध्ये तर जवळजवळ काहीच फरक दिसला नाही, तिथे घरी येणारी परिचारिका आधीपासूनच होती. आणि ज्या घरात अन्नच कमी तिथे नुसत्या शिकवण्यानं भागत नाही, सोबत अन्नही द्यावं लागतं.

पैशाचा प्रश्न तर उघडाच आहे. २०१८ च्या जागतिक मार्गदर्शनात गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्यांना कामाच्या मानानं मोबदला द्या असं स्पष्ट म्हटलंय. गटवाले म्हणतात आमची बाई १० घरंच बघते, पगार दिला की ती बरोबरीची राहत नाही. मला हे अर्धवट पटतं, कारण १० घरं, महिन्यात दोनदा, म्हणजे २० भेटी आणि वर गटाची बैठक, आणि या कामामुळे तिची मजुरी बुडते.

गेल्या काही वर्षांत सांगायचा मजकूरही बदलतोय. २०२१ मध्ये मोजण्याच्या पट्ट्या बदलल्या, आता बाळानं काल ८ अन्नगटांपैकी किमान ५ खाल्ले का हे बघतात (अंगावरचं दूध हाही एक गट), शिवाय अंडं किंवा मांस-मासे मिळाले का, फळ-भाजी अजिबात नव्हती का, आणि गोड पेय आणि पाकीटबंद खाऊ दिला का हेही विचारतात. २०२३ च्या नव्या मार्गदर्शनात ६ महिने कायम राहिले, पण ६ ते ११ महिन्यांत अंगावर न पिणाऱ्या बाळाला जनावराचं दूधही चालेल असं आलं, त्यावर बालतज्ज्ञांत नाराजी आहे. स्वयंसेविकेच्या दृष्टीनं हे वाक्य लांब आहे, त्यात "अंगावर न पिणाऱ्या" ही अट मधेच अडकलीय आणि तोंडोतोंडी जाताना पहिल्यांदा तीच गळेल, म्हणून धडा लिहिणाऱ्यांनी ती अट वाक्याच्या सुरुवातीला आणावी.