आठ तारा, चार पीळ

कोल्हापुरात आता बहुतेक इमारतींत इंटरनेट येतं ते काचेच्या तारेतून. लोकल केबलवाल्याचा माणूस गच्चीवरून फायबर खाली सोडतो, हॉलच्या दाराजवळ राउटर ठोकतो आणि निघून जातो. त्या डब्यापर्यंत ३०० एमबीपीएस नीट पोचतात. अडतं ते पुढे. राजारामपुरीत किंवा कळंब्याकडे नव्या इमारतीतला टू बीएचके घ्या. शेवटच्या बेडरूमला जायचं तर वायफायच्या लहरींना दोन भिंती, एखादा कॉलम आणि मधलं बाथरूम ओलांडावं लागतं. काँक्रीटमधल्या सळ्या लहरी परतवतात, पाणी त्या शोषतं, आणि ५ गिगाहर्ट्झच्या लहरी २.४ गिगाहर्ट्झच्या मानाने भिंतीत लवकर दमतात. शिवाय वायफायवर एका चॅनेलमध्ये एका वेळी एकानेच बोलायचं असतं. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल जेमतेम तीन: १, ६ आणि ११. वरचे, खालचे, शेजारचे सगळे राउटर त्या तिघांतच दाटीवाटीने बसलेले असतात.

यावर लोक आधी महागडा राउटर आणतात. मला विचाराल तर आधी वीस-पंचवीस मीटर लॅन केबल आणा, म्हणजे राउटरपासून खोलीपर्यंत नेट नेणारी तांब्याची केबल. ती घालायला वायरमन मिळाला तर उत्तम, पण पुष्कळ वायरमन तिला बल्बच्या वायरीसारखंच वागवतात आणि घोटाळा तिथेच होतो.

केबल सोलली की आत आठ तारा दिसतात, चार जोड्यांत. नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी आणि प्रत्येकीची पांढरी, त्याच रंगाचा पट्टा असलेली जोडीदार. प्रत्येक जोडी एकमेकींभोवती पिळलेली असते. तारा सुट्या होऊ नयेत एवढ्यासाठी हा पीळ असता, तर सोलताना त्याची एवढी काळजी घ्यावी लागली नसती.

टेलिफोनच्या सुरुवातीच्या लाइनींना एकच तार असे, परतीची वाट जमिनीतून. शेजारच्या लाइनींची कुजबुज आणि पुढे विजेची, ट्रामची खरखर त्यात सहज शिरायची. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनीच १८८१ साली तारांच्या पिळलेल्या जोडीचं पेटंट घेतलं. त्यांची युक्ती आजही तशीच चालते. जोडीतल्या एका तारेवर समजा अधिक १ व्होल्ट पाठवला, तर दुसरीवर उणे १. पलीकडचा पोर्ट फक्त दोघींतला फरक बघतो, म्हणजे २. वाटेत कुठल्या मोटरने ०.३ व्होल्टची खरखर दोन्ही तारांवर चढवली, तर पोचतात अधिक १.३ आणि उणे ०.७. फरक पुन्हा २. खरखर वजाबाकीत गेली.

मात्र दोन्ही तारांना खरखर सारखीच लागली तरच हे जमतं. तारा नुसत्या समांतर ठेवल्या, तर मोटरच्या जवळची तार जास्त पकडेल. पिळामुळे कधी ही जवळ येते, कधी ती. चुंबकीय क्षेत्राच्या दृष्टीने पाहिलं तर पिळाचा प्रत्येक वेढा म्हणजे एक छोटं वेटोळं, आणि लगतच्या दोन वेटोळ्यांत निर्माण होणारे विद्युतदाब उलट दिशांचे असल्याने ते एकमेकांना मारतात. चार जोड्या एकाच आवरणात असतात, म्हणून त्यांनी एकमेकींचं बोलणं ऐकू नये यासाठी प्रत्येकीचा पीळ वेगळ्या घट्टपणाचा ठेवतात. फुटभर केबल सोलून चारही जोड्या शेजारी ठेवल्या तर हे नुसत्या डोळ्यांनी दिसतं.

गिगाबिटमध्ये, म्हणजे १,००० एमबीपीएसच्या जोडणीत, या चारही जोड्या एकदम राबतात. प्रत्येक जोडीवर सेकंदाला १२.५ कोटी वेळा व्होल्टेज बदलतं, दर बदलात २ बिट जातात, म्हणजे जोडीमागे २५० आणि चौघींचे मिळून १,००० एमबीपीएस. तेही दोन्ही दिशांनी एकाच वेळी, त्याच तारांवरून. पोर्टमधली चिप स्वतः पाठवलेला संदेश वजा करून पलीकडचा ऐकते. १९९९ साली हे प्रमाणित झालं आणि आज ते कुठल्याही साध्या लॅन पोर्टमध्ये मिळतं, याचं मला अजून नवल वाटतं.

खरेदीचं थोडक्यात. गिगाबिटला कॅट-५ई दर्जाची केबल १०० मीटरपर्यंत पुरते. कॅट-६ चा पीळ अधिक घट्ट असतो आणि ५५ मीटरपर्यंत ती १० गिगाबिटही नेऊ शकते. भिंतीतलं काम पुन्हा पुन्हा कोण करणार, म्हणून कॅट-६ घ्यावी. भिंतीत एकसंध तारेची, आणि कॉम्प्युटरपासून भिंतीपर्यंतच्या तुकड्याला बारीक तंतूंची, वारंवार वाकली तरी न तुटणारी.

जपायचं ते स्वस्तातल्या ‘सीसीए’ केबलपासून. आत ॲल्युमिनियम आणि वर तांब्याचा पातळ थर, गुजरीत मुलाम्याचा दागिना असावा तसा. आणि हा मुलामा बऱ्यापैकी फसवतोही, कारण उच्च वारंवारतेचा प्रवाह तारेच्या पृष्ठभागालगतच वाहतो. १०० मेगाहर्ट्झला तांब्यात तो साधारण ७ मायक्रॉन खोलीपर्यंतच एकवटलेला असतो. म्हणजे डेटा बराचसा तांब्यातूनच जातो आणि जोडल्या दिवशी सगळं ठीक दिसतं. पण त्याच केबलवरून कॅमेऱ्याला वीज द्यायला गेलात की ती डीसी वीज पूर्ण जाडीतून वाहते, आणि ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या सुमारे १.६ पट. तार तापते, कॅमेरा बंद-चालू होतो. शिवाय ॲल्युमिनियम वाकवताना लवकर तुटतं. दुकानातच ब्लेडने तार खरवडा, आत पांढरं दिसलं तर परत ठेवा. बंडल हाताला हलकं लागलं तरीही तेच समजा. उद्यमनगरात फौंड्रीत काम केलेल्याला हे शिकवावं लागणार नाही.

आता ओढणं. पुष्कळ फ्लॅटांत टीव्ही आणि टेलिफोनसाठी भिंतीत पीव्हीसी पाईप आधीच टाकलेले असतात. आतली निरुपयोगी जुनी वायर मोकळी सरकत असेल तर तिच्याच टोकाला नवी बांधून ओढावी. पाईपमध्ये शंखजिऱ्याची पूड टाकली की केबल अडत नाही. ओढताना जोर ११ किलो वजनापेक्षा जास्त नको, नाहीतर पीळ ताणून सैल होतात. वळण केबलच्या जाडीच्या चौपटीपेक्षा, म्हणजे साधारण एका इंचापेक्षा, कमी त्रिज्येचं नको. प्लास्टिकच्या टायने केबल करकचून आवळू नका, आतल्या जोड्या चेपतात. पाईप नसेल तर स्कर्टिंगवरून केसिंग-पट्टी. झरी मारायचीच, म्हणजे भिंतीत खाच पाडायचीच असेल तर विटांच्या भिंतीत, आणि भिंत फोडण्याआधी सोसायटीला विचारून. बीम आणि कॉलमला हात लावायचा नाही.

२३० व्होल्टच्या वायरींच्या पाईपमधून लॅन केबल कधीही नेऊ नका. तिथे मुद्दा खरखरीचा नाही, जिवाचा आहे: एखाद्या वायरीचं आवरण सोललं तर तोच करंट राउटरपर्यंत आणि तुमच्या हातापर्यंत येईल. बोर्ड उघडण्याआधी मेन बंद करायचा. दोन्ही वायरी समांतर जाणार असतील तर मध्ये वीतभर अंतर ठेवा, ओलांडायचं तर काटकोनात.

वळीव आणि पावसाळा कोल्हापूरकरांना वेगळा सांगायला नको. गच्चीवरून किंवा बाहेरच्या भिंतीवरून जाणारी केबल काळ्या पॉलिथिलीन आवरणाची, बाहेरच्या वापराचीच हवी. घरातल्या केबलचं आवरण उन्हाने तडकतं, आत पाणी शिरतं, आणि पाण्याचा डायलेक्ट्रिक स्थिरांक, म्हणजे विद्युत क्षेत्राला दाबण्याची ताकद, ८० च्या आसपास, तारांवरच्या प्लास्टिकचा दोन-सव्वादोन. संदेश वाटेतच विरतो. भिंतीत शिरण्याआधी केबलला खाली झोल द्या, म्हणजे पाणी तिथेच ठिबकेल. आणि दोन इमारतींमध्ये तांब्याची तार टांगू नका. वीज जवळपास कोसळली तरी त्या तारेत मोठा विद्युतदाब निर्माण होतो. तिथे काचेचा फायबरच बरा, फक्त त्यात आधाराची धातूची तार नसलेला घ्यावा.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या टोकाला, जॅक म्हणजे आठ संपर्कांचं प्लास्टिकचं टोक बसवताना. सोलताना पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडायचा नाही. रंगांचा क्रम पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरवी जोडी निळीच्या दोन बाजूंना का? मधले दोन, म्हणजे ४ आणि ५ क्रमांकाचे, संपर्क टेलिफोनच्या जोडीसाठी राखले गेले होते, आणि पुढची जोडी त्यांच्या अल्याडपल्याड, ३ आणि ६ वर गेली. हे विचित्र वाटून अनेकजण जोड्या ओळीने लावतात. दोन्ही टोकांना तसंच केलं तर दिव्यांच्या स्वस्त टेस्टरवर आठही दिवे क्रमाने लागतात, कारण त्याला तार अखंड आहे एवढंच कळतं. पण ३ आणि ६ वर आता एक तार हिरव्या जोडीची, एक निळीची. त्या दोघींचा एकमेकींशी पीळच नाही, त्यामुळे वजाबाकीत खरखर जात नाही आणि शेजारच्या जोडीचं बोलणंही कानी पडतं. अशा लाइनीवर नेट कधी चालतं, कधी अडखळतं, आणि दोष राउटरला दिला जातो.

शेवटी लॅपटॉप केबलने जोडून स्पीड टेस्ट घ्या. ३०० च्या प्लॅनवर आकडा ९४-९५ ला अडून बसला तर लिंक १०० एमबीपीएसवर उतरली आहे. १०० च्या लिंकला नारिंगी आणि हिरवी या दोनच जोड्या लागतात, म्हणजे त्या ठीक आहेत. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एखादी तार जॅकमध्ये बसलेली नसण्याची शक्यता जास्त. आधी दोन्ही टोकं कापून नव्याने क्रिम्प करा, म्हणजे नवे जॅक पकडीने दाबून बसवा, केबल बदलायचा विचार त्यानंतर.