मटण धुवायचं की नाही? मराठवाड्यातल्या घरगुती शहाणपणाची पार्श्वभूमी

जानेवारी 2021मध्ये परभणीजवळच्या मुरुंबा गावात सुमारे 800 कोंबड्या मेल्या आणि भोपाळच्या प्रयोगशाळेने बर्ड फ्लूचं निदान केलं. चार वर्षांनी, जानेवारी 2025मध्ये, उदगीरमध्ये कावळे मरून पडायला लागले आणि पुन्हा तेच निदान आलं. त्याच महिन्यात पुण्यात जीबीएसचे, म्हणजे नसांवर हल्ला करून हातपाय लुळे पाडणाऱ्या गुलेन-बॅरे आजाराचे, रुग्ण वाढले. काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला आणि कच्च्या-अर्धकच्च्या चिकनकडे बोट गेलं. त्याआधी 2020 साली तर कोरोना चिकनमधून पसरतो या नुसत्या अफवेने राज्यभर कोंबडीचे भाव कोसळले होते.

अशा प्रत्येक वेळी घरात तीच चर्चा होते. एका मेसेजमध्ये असतं, खाऊच नका. दुसऱ्यात, चांगलं शिजवून खा. तिसऱ्यात, कच्चं चिकन नळाखाली धुऊ नका. हा तिसरा सल्ला वाचून दाखवला की घरातली म्हातारी माणसं चिडतात. "आम्ही जन्मभर चार पाण्यानं धुऊनच खाल्लं, काय झालं आम्हाला?" हा प्रश्न मला उडवून लावावासा वाटत नाही. त्याचं उत्तर द्यायचं तर आपल्याकडे मटण घरात कसं येत होतं आणि कसं शिजत होतं, तिथपासून सुरुवात करावी लागते.

आमच्याकडे मटण म्हणजे बकऱ्याचं. काळ्या रंगाची, काटक, बहुतेकदा जुळी देणारी उस्मानाबादी शेळी ही याच भागाची जात. गावात रोज मटण मिळत नसे. पोळ्याची कर, आखाड, जत्रा, नाहीतर पाहुणा आला म्हणून दहा-बारा घरं मिळून बकरं कापायची. सकाळी सात-आठला बकरं पडायचं, पळसाच्या पानांवर सारखे वाटे घातले जायचे आणि दहाच्या आत ज्याच्या-त्याच्या घरी पातेलं चुलीवर असायचं. कापण्यापासून चुलीपर्यंतचं अंतर जेमतेम दोन-तीन तासांचं.

आजीचं मटण करणं डोळ्यांसमोर आहे. वाटा परातीत ओतायची, हाडाची कणी आणि चिकटलेले केस बोटांनी वेचून काढायची, दोन-तीनदा पाणी बदलायची आणि ते पाणी लांब उकिरड्यावर नेऊन टाकायची. मग हळद-मीठ लावून पातेल्यात, वर झाकणाच्या ताटलीत पाणी. वर आलेला फेस पळीने काढून टाकायचा. तासाभराने एक फोड काढून दोन बोटांत दाबून बघायची. हाडापासून मांस अलगद सुटलं तरच पुढे येसर (भाजलेल्या धान्यांचं मसालेदार पीठ) आणि काळा मसाला. त्याआधी आम्हा लेकरांना वाटीवाटीने अळणी, म्हणजे बिनमसाल्याचं मटणाचं पाणी, मिळायचं. रात्रीपर्यंत पातेलं चाटूनपुसून रिकामं. शिळं राहायला उरायचंच काय?

ही पद्धत सुरक्षित होती, आणि त्याला कारणं होती. निरोगी जनावराच्या अखंड मांसाच्या आतल्या भागात जंतू जवळपास नसतात. ते वरून लागतात : कातड्यावरून, आतड्यातून, सुरीवरून, हातावरून. लागलेल्या जंतूंना वाढायला वेळ आणि ऊब लागते. वेळ त्यांना मिळत नव्हता. नंतर तास-दीड तास उकळत्या रश्शात त्यातलं फारसं काही तगतही नव्हतं. बकऱ्याचं मांस चिवट, गावरान कोंबडी त्याहून चिवट. ते खाण्याजोगं मऊ होईपर्यंत जंतू कधीच मेलेले असायचे. आजी मऊपणा तपासत होती, सुरक्षितता आपोआप होत होती. मला या सगळ्या इतिहासातली हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण पुढे जे बदललं ते नेमकं इथेच.

जुन्या काळाचं नुसतं कौतुक करून मात्र चालणार नाही. वजडी ओढ्यावर धुतली जायची आणि खाली त्याच ओढ्यावर घागरी भरल्या जायच्या. लेकरांच्या हगवणीचा हिशेब कुणी ठेवत नव्हतं. आणि ताज्या मटणाचा वाटा सगळ्यांना मिळत होता असंही नाही. गावकीची कामं करणाऱ्या दलित वस्त्यांच्या वाट्याला शतकानुशतके मेलेलं जनावर यायचं. ते मांस एकदम संपणारं नसे, म्हणून लांब पट्ट्या कापून उन्हात वाळवायचे. त्याच या चान्या. ओल काढून घेतली की जंतू वाढत नाहीत, हे ज्ञान त्यात पक्कं होतं. पण जनावर कशाने मेलं हे विचारायची सोय त्यात नव्हती. 19 आणि 20 मार्च 1927 रोजी महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचं मांस खाणं सोडा असं सांगितलं, ते माणुसकीच्या आणि स्वाभिमानाच्या लढ्याचा भाग म्हणून. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, तरी ती हाक इथल्या वस्त्यांपर्यंत पोचली आणि घराघरांत पाळली गेली. मांसाबद्दलच्या सल्ल्याने इथल्या लोकांचं जगणं इतकं बदललं, असं दुसरं उदाहरण माझ्यासमोर नाही.

कंदुरीचा विषय वेगळा आहे. दर्ग्याला किंवा देवाला नवस फेडायचा, बकरी कापायची आणि आख्ख्या गावाला जेवण. संभाजीनगरकडचा नान-कलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा, हाही असाच शेकडो माणसांचा पदार्थ. तो तुघलकाने राजधानी दौलताबादला आणली तेव्हाच्या लष्करी भटारखान्यातून आला असं परंपरेने सांगतात. मोठ्या डेगीत मांस छान शिजतं, अडचण त्यानंतरची आहे. शंभर लिटरची डेग खाली उतरवली की आतला रस्सा तासन्तास कोमट राहतो. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स नावाच्या जंतूचे बीजाणू उकळीतही मरत नाहीत आणि 43 ते 47 अंशांच्या कोमट रश्शात ते भराभर वाढतात. दुपारच्या पंगतीला काही होत नाही, रात्री उशिरा उरलेलं खाणाऱ्यांचं पोट बिघडतं. मग कुणी पाण्याला दोष देतं, कुणी नवसात काही चुकलं म्हणतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2001मध्ये सुरक्षित अन्नाची पाच सूत्रं प्रसिद्ध केली. त्यांत शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका, असं आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याचा नियम अजून कडक : हवा 32 अंशांच्या वर असेल तर एकच तास. आपल्याकडे मार्चपासून जूनपर्यंत दुपारी पारा 32च्या खाली असतो कुठे? म्हणजे आपल्यासाठी एक तास हाच नियम.

आता बदलाकडे येऊ. 1959च्या सुमारास देशात प्रेशर कुकर बनायला लागले आणि हळूहळू गावागावांत पोचले. त्याने फायदाच झाला. कुकरमध्ये तापमान 120 अंशांच्या आसपास जातं आणि मटण लवकर शिजतं. खरा पालट ब्रॉयलर कोंबडीने केला. 1971 साली डॉ. बी. व्ही. राव यांनी हॅचरी, म्हणजे पिल्लं उबवण्याचा कारखाना, सुरू केली आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत पांढरी कोंबडी तालुक्या-तालुक्यात पोचली. सणाचं खाणं रविवारचं झालं, मग कुठल्याही वारचं. गरिबाच्या ताटात प्रथिनं आली, हे चांगलंच झालं. पण ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांची कोवळी असते. ती वीस मिनिटांत मऊ पडते. आजीची दोन बोटांची परीक्षा इथे फसते, कारण मांस मऊ झालं म्हणजे आतपर्यंत शिजलं असं राहिलं नाही. त्यात तंदूर, ग्रिल, गाड्यावरचा शोरमा आला. बाहेरून खरपूस, मांडीच्या सांध्यापाशी कच्चं.

रंगावर जावं, तर तेही पक्कं नाही. 1993मध्ये अमेरिकेत नीट न शिजलेल्या खिम्याच्या बर्गरमधून ई. कोलाय जंतू पसरला, 700हून अधिक लोक आजारी पडले आणि चार मुलं दगावली. खिम्यात वरचे जंतू आत मिसळतात, म्हणून त्याचा नियम अखंड मांसापेक्षा कडक. त्यानंतरच्या अभ्यासांत दिसलं की खिमा पुरेसा गरम होण्याआधीही तपकिरी होऊ शकतो, आणि म्हणून 1997पासून तिथे थर्मामीटर वापरा असं सांगायला लागले. उलट कोवळ्या कोंबडीत मज्जेतला रंग झिरपून हाडाजवळचं शिजलेलं मांसही लालसर दिसतं. मांस आतून किती तापलं पाहिजे, याचे तिथले आकडेही बदलत गेले. आख्ख्या कोंबडीसाठी आधी 82 अंश सांगायचे, 2006मध्ये सगळ्या पक्ष्यांसाठी एकच आकडा झाला, 74. खिम्याला 71. डुकराच्या मांसाचा आकडा 2011मध्ये 71वरून 63वर आणला, वर तीन मिनिटं तसंच ठेवायचं. लोक म्हणतात, हे रोज बदलतात, ऐकायचं कुणाचं? पण रस्सा खाणाऱ्या माणसाला या आकड्यांनी घाबरायचं कारण नाही. पातेलं खदखदत असेल तर तिथे शंभरच्या आसपास तापमान आहे. खबरदारी हवी ती सुक्क्यात, कबाबात, ग्रिलमध्ये आणि कच्च्या गोश्तची बिर्याणी दमावर लावताना.

राहिला धुण्याचा प्रश्न. ब्रिटनच्या अन्न विभागाने 2014मध्ये कच्ची कोंबडी धुऊ नका अशी मोहीमच काढली. कारण तोच कॅम्पिलोबॅक्टर, जो पुण्यात आपल्याला नव्याने कळला. नळाच्या धारेने उडालेले शिंतोडे ओट्यावर, भांड्यांवर, शेजारच्या कोथिंबिरीवर बसतात. 2019मध्ये अमेरिकेत प्रत्यक्ष स्वयंपाक करायला लावून केलेल्या अभ्यासात कोंबडी धुणाऱ्यांपैकी 60 टक्क्यांच्या सिंकमध्ये जंतू सापडले, 26 टक्क्यांच्या सॅलडपर्यंत पोचले. पण त्याच अभ्यासातला दुसरा आकडा कुणी सांगत नाही : ज्यांनी धुतलीच नव्हती, त्यांतल्याही 31 टक्क्यांच्या सॅलडमध्ये जंतू गेले. म्हणजे खरा वाहक हात आहे.

आजी धुवायची ते परातीत, अंगणात, साचलेल्या पाण्यात. नळच नव्हता, शिंतोडे उडायचे कुठून? आम्ही तेच धुणं सिंकमध्ये, धारेखाली आणलं, आणि धोका तिथे जन्मला. तिकडच्या दुकानात पॅकबंद मांस मिळतं, तिथे धुऊ नका म्हणणं सोपं आहे. आपल्याकडे ठोकळ्यावर सत्तूराने तोडलेल्या मटणात हाडाची बारीक कणी असते, ती काढावीच लागते. म्हणून माझं मत असं : मटण धुवायचं तर खोल भांड्यात, बुडेल एवढं पाणी घेऊन, हलक्या हाताने, आणि पाणी अलगद ओतून द्यायचं. चिकनला तेही नको. एप्रिल 2016मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं होतं. टँकरच्या पाण्याने चार-चारदा मटण धुणाऱ्या आणि मग हात धुवायला तांब्याभर पाणीही न उरणाऱ्या घरांनी ते पाणी हातांसाठी आणि विळीसाठी राखलेलं कितीतरी बरं.

विळी हा शब्द मुद्दाम घेतला. एकाच विळीवर आधी चिकनचे तुकडे, मग तशीच पुसून कांदा, काकडी, लिंबू. रस्सा तासभर उकळला तरी शेजारच्या वाटीतला कांदा कच्चाच असतो. आमच्या घरी एकदा चौघांना जुलाब झाले, त्यात फक्त रस्सा-भाकरी खाणारी आई ठणठणीत होती. आधी कांदा चिरायचा आणि मग मांसाला हात लावायचा, हा क्रम तेव्हापासून आमच्याकडे ठरला. लाकडी पाट वाईट आणि प्लास्टिकचा चांगला हे पूर्वी ठामपणे सांगायचे. 1994 साली अमेरिकी संशोधक डीन क्लायव्हर यांच्या प्रयोगांनी त्याला धक्का दिला, लाकूड काही प्लास्टिकपेक्षा वाईट ठरलं नाही. पाट कशाचाही असो, कांद्याचा वेगळा आणि मांसाचा वेगळा असला की काम भागतं.

फ्रिजने अजून एक सवय आणली, उरवण्याची. आणि आपल्याकडे फ्रिजबरोबर भारनियमनही आलं. 2005नंतरची काही वर्षं आठवा, गावाकडे दहा-बारा तास वीज नसायची. बंद फ्रिज न उघडता साधारण चार तास गार राहतो, पुढे ती एक नुसती पेटी. त्यात कालचं चिकन वरच्या कप्प्यात, त्याचं रक्ताळलेलं पाणी खालच्या दह्यावर. कच्चं नेहमी खालच्या कप्प्यात, झाकणाच्या डब्यात. उरलेला रस्सा पातेल्यात तसाच न ठेवता उथळ भांड्यात काढून लवकर गार करावा आणि खाताना पुन्हा उकळी आणावी, नुसता कोमट करू नये.

काय खावं, किती खावं याचे सल्लेही या काळात फिरले. कोलेस्टेरॉलची रोजची 300 मिलिग्रॅमची मर्यादा अमेरिकेने 2015-20च्या मार्गदर्शक सूचनांतून काढली. 2015मध्येच जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने सॉसेज, सलामीसारखं प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारक ठरवलं आणि लाल मांस 'बहुधा कर्करोगकारक' या गटात ठेवलं. हे सल्ले काय आणि किती खावं याबद्दल आहेत, स्वयंपाकघरातल्या जंतूंबद्दल नाहीत. दोन्ही एकत्र केले की गोंधळ होतो.

कायद्याचं सांगायचं तर 1954च्या भेसळ प्रतिबंधक कायद्याची जागा 2006च्या अन्न सुरक्षा कायद्याने घेतली आणि त्याचे नियम 5 ऑगस्ट 2011पासून लागू झाले. मटणाच्या दुकानाने काय पाळावं हे त्यात आहे. कॉलिस्टिन हे शेवटच्या फळीतलं प्रतिजैविक कोंबड्यांना देण्यावर जुलै 2019मध्ये बंदी आली. उंबरठ्याच्या आत मात्र कुठला निरीक्षक येत नाही.

बर्ड फ्लूचा विषाणू 70 अंशांना मरतो. शिजलेल्या रश्श्याने तो होत नाही. तो आजारी किंवा मेलेली कोंबडी हाताळणाऱ्याला, तिची पिसं काढणाऱ्याला, कापणाऱ्याला होऊ शकतो. म्हणून साथीच्या दिवसांत अंगणातली कोंबडी आपोआप मेली, किंवा कुणी मरतुकड्या कोंबड्या स्वस्तात द्यायला आलं, तर ती सोलायची नाही, कुत्र्यापुढे टाकायची नाही, उघड्या हाताने उचलायचीही नाही. गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं आणि लेकरांना तिथून लांब ठेवायचं.