क्यू पॅलेस : विटांच्या थरांतून वाचायचं घर

लंडनच्या नैर्ऋत्येला, टेम्सकाठच्या क्यू गार्डन्समध्ये एक तांबडं घर आहे. म्हणतात त्याला राजवाडा, पण बांधलं ते एका व्यापाऱ्यानं. सॅम्युअल फोर्ट्रीनं १६३१ मध्ये, जुन्या घराचं तळघर तेवढं राखून, हे नवं घर उभं केलं. दारावर ते साल आणि नवराबायकोची आद्याक्षरं अजून दिसतात.

रोमन लोकांनी ब्रिटनमध्ये वीट आणली. पाचव्या शतकात ते गेले आणि भट्ट्याही विझल्या. पुढे कित्येक शतकं पडक्या रोमन भिंतींच्या विटा काढून वापरल्या जात. सेंट ऑल्बन्सच्या चर्चचा मनोरा अशाच विटांचा आहे. वीटकाम मध्ययुगात पुन्हा रुजलं ते समुद्रापलीकडच्या फ्लँडर्स-नेदरलँड्समधल्या कारागिरांमुळे. फोर्ट्रीचं घराणंही मूळचं फ्लेमिश, म्हणजे फ्लँडर्सचंच. म्हणून या 'इंग्लिश' घराचं जुनं नाव 'डच हाऊस' आहे, हे मला फार बोलकं वाटतं.

भिंतीजवळ उभं राहून एकच थर बघावा. एक वीट लांबीनं, तिच्या शेजारची तोंडानं, पुन्हा लांबीनं. वरच्या थरात हीच जोडी सरकवलेली, म्हणजे सांध्यावर सांधा येत नाही. विटा रचायची ही पद्धत म्हणजेच फ्लेमिश बॉण्ड. इंग्लिश बॉण्डमध्ये एक अख्खा थर लांबीचा, दुसरा तोंडांचा. दोन्ही नावं आपल्याकडे गवंडीकाम शिकणाऱ्यांना पाठ असतात. इंग्लंडमधल्या फ्लेमिश बॉण्डच्या अगदी सुरुवातीच्या नमुन्यांत हे घर मोडतं. खिडक्यांभोवतीची नक्षी दगडाची वाटते, पण तीही विटेचीच, कापून आणि घासून आकार दिलेली. माथ्यावर वळणदार त्रिकोणी गेबल, म्हणजे छपराच्या टोकाशी वर गेलेल्या भिंती आहेत. आणि तो गडद तांबडा रंग? दुरुस्तीत भिंतींना पुन्हा तांबड्या चुन्याचा हात दिलाय, पूर्वी होता तसा.

राजघराण्याचा संबंध नंतरचा. राजा दुसऱ्या जॉर्जची राणी कॅरोलाइन हिनं १७२८ च्या सुमारास घर भाड्यानं घेतलं, राजा तिसऱ्या जॉर्जनं पुढं ते विकत घेतलं, आजारपणात तो इथंच राहिला. त्याची राणी शार्लट १८१८ मध्ये याच घरात वारली. त्याच वर्षी जुलैमध्ये तिच्या दोन मुलांची लग्नं इथल्या दिवाणखान्यात झाली होती. त्यातल्या एकाची मुलगी व्हिक्टोरिया. तिनंच १८९८ मध्ये हे घर लोकांसाठी खुलं केलं.