पडल्याशिवाय गाडी येत नाही?

लहानपणी गुडघा फुटला की आई त्यावर हळद दाबायची आणि म्हणायची, “पडल्याशिवाय सायकल येत नाही.” सायकलपुरतं ते खरंही होतं. पण मामेबहिणीने मोटारसायकल घेतली आणि इंदूरच्या राजेंद्रनगरातल्या घरात तेच वाक्य वेगळ्या सुरात ऐकू आलं. आजीचं म्हणणं, दुचाकीवाला आज ना उद्या पडतोच, नशिबात असतं ते चुकत नाही. मामाने लगेच तोडलं. “एकतीस वर्षं इंदूर-पीथमपूर केलं मी, रोजचे पन्नासेक किलोमीटर. एकदा पडलो? नीट चालवली की काही होत नाही.”

मामाचा हा पुरावा कितपत टिकतो, हे तपासायला घोडे कामी येतात. लाडिस्लाउस बोर्टकिएविच या संख्याशास्त्रज्ञाने १८९८ साली प्रशियाच्या घोडदळाचा एक विचित्र हिशेब मांडला: घोड्याची लाथ बसून किती सैनिक मेले. (होळकरांच्या पागेत असा हिशेब कुणी ठेवला असता तर आज इंदूरचं नाव संख्याशास्त्राच्या प्रत्येक पुस्तकात असतं.) दहा तुकड्या, वीस वर्षं, म्हणजे एकूण २०० नोंदी. मृत्यू १२२. त्यात १०९ नोंदी कोऱ्या, ६५ ठिकाणी एक मृत्यू, २२ ठिकाणी दोन, तीन ठिकाणी तीन आणि एका ठिकाणी चार. आता, ज्या तुकडीचं वर्ष कोरं गेलं तिचे घोडे गरीब होते का? मुळीच नाही. सगळ्यांना सारखाच धोका आहे असं धरून प्वासाँचं सूत्र (क्वचित घडणारी गोष्ट निव्वळ योगायोगाने किती वेळा घडेल ते सांगणारं) चालवलं, तर कोऱ्या नोंदी १०८.७ यायला हव्यात. आल्या १०९.

तर मामाची कोरी पाटी कौशल्याची असेल, नाहीतर निव्वळ योगायोगाची. एकट्या माणसाच्या पाटीवरून ते ठरवता येत नाही.

आजीचं गणित मात्र जुळतं. समजा, एखाद्या चालकाची वर्षभरात पडण्याची शक्यता शेकडा ५ आहे. मग तीस वर्षांत एकदाही न पडण्याची शक्यता काढायला ०.९५ला स्वतःशी तीस वेळा गुणायचं. उत्तर येतं सुमारे ०.२१. म्हणजे पाचांतले जवळजवळ चार कधी ना कधी रस्त्यावर आडवे. पण तोच आकडा ५ऐवजी १ केला, तर तीस वर्षांत पडणारे चारांत एकच उरतात. सूत्र तेच, वर्षंही तेवढीच. आजीच्या नशिबाची सगळी भिस्त त्या वार्षिक आकड्यावर आहे, आणि तो काही सटवाईने कपाळावर लिहिलेला नसतो.

मग तो बदलतो कशाने? हॅरी हर्ट या अमेरिकी संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजलिस भागातल्या सुमारे ९०० मोटारसायकल अपघातांचा जागेवर जाऊन तपास केला. १९८१च्या त्या अहवालातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. निम्म्या अपघातांत घोळ सुरू होताना गाडीचा वेग ताशी ४८ किलोमीटरपेक्षाही कमी होता. दुसऱ्या वाहनाशी टक्कर झालेल्या अपघातांपैकी सुमारे दोन-तृतीयांश वेळा समोरच्यानेच वाट अडवली होती. आणि घोळ सुरू झाल्यापासून आदळेपर्यंत चालकाच्या हाती होते जेमतेम दोन सेकंद.

पीथमपूरजवळ २०२१ साली सुरू झालेला ११.३ किलोमीटरचा वाहनचाचणीचा गोल रस्ता आहे. तिथे गाड्या ताशी अडीचशेने पळू शकतात, कारण तिथे कुणी अचानक उजवीकडे वळत नाही. इंदूरच्या गजबजलेल्या पलासिया चौकात वळतो.

त्या दोन सेकंदांत वेग काय करतो ते पाहा. धोका दिसल्यावर ब्रेक दाबायला एक सेकंद लागतो असं धरू, आणि रस्ता कोरडा. ताशी ४० वेगाची गाडी साधारण २१ मीटरांत थांबते. ६० वेगाची तेवढ्याच अंतरात थांबत नाही, हे कुणीही सांगेल. पण जिथे पहिली गाडी पूर्ण थांबली, त्या जागी दुसरीचा वेग किती असेल? मी घरात विचारलं तेव्हा उत्तरं आली वीस, पंचवीस. खरं उत्तर सुमारे ५३. पहिला सेकंद संपेपर्यंतच ती जवळजवळ १७ मीटर पुढे गेलेली असते, ब्रेकला उरतात चार-पाच मीटर.

समोरचा आडवा का येतो, तर दर वेळी माजोरीपणाने नव्हे. “दिसलाच नाही हो” हे पुष्कळदा खरं असतं. जवळ येणारी वस्तू डोळ्यात किती भराभर मोठी होते, त्यावरून मेंदू तिचा वेग जोखतो. मोटारसायकल समोरून बघितली तर एक उभी रेघ. बराच वेळ ती वाढतच नाही, आणि मग एकदम अंगावर येते. प्रयोगांतही असं दिसलं आहे की, अंतर आणि वेग सारखेच असले तरी लहान वाहन उशिरा पोचेल असं माणसांना वाटतं. नव्या दुचाकींचा पुढचा दिवा २०१७पासून सतत चालू राहू लागला तो समोरच्याच्या नजरेत भरावं म्हणून. तरी पंजा उघडमीट करून “भिया, लाईट चालू है” सांगणारे परोपकारी इंदूरला अजून भेटतात.

ब्रेकबद्दलचा एक गैरसमज आपल्याकडे पिढीजात आहे: पुढचा लावू नकोस, उलटशील. ब्रेक लागला की गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो, मागचं चाक हलकं होऊन घसरू पाहतं. थांबवण्याची जास्तीची ताकद तेव्हा पुढेच असते. फक्त ती झटक्याने नव्हे, दाब वाढवत वापरायची. चाक जागीच अडकलं की त्याची बाजूची पकड सुटते आणि गाडी आडवी होते. २०१९पासून १२५ सीसीवरच्या सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीचं झालेलं एबीएस हेच अडकणं टाळतं.

हेल्मेटने मात्र पडण्याचा आकडा बदलत नाही, पडल्यानंतरचा बदलतो. दीड मीटर उंचीवरून डोकं नुसतं खाली आलं, म्हणजे उभ्या गाडीवरून जरी तोल गेला, तरी ते ताशी १९-२० किलोमीटरने जमिनीवर आपटतं. आतलं थर्मोकोलसारखं अस्तर दोन-तीन सेंटिमीटर दबतं आणि थांबायला तेवढी जागा मिळते. उघड्या डोक्याला काही मिलिमीटरच मिळतात, त्यामुळे धक्का कित्येक पट. जगभरचे अभ्यास एकत्र तपासल्यावर हेल्मेटने मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी कमी होतो असं दिसलं. २०२२ साली भारतात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यांत ४४.५ टक्के दुचाकीवरची. ऑगस्ट २०२५मध्ये इंदूरला हेल्मेटशिवाय पेट्रोल नाही असा हुकूम निघाला, तेव्हा पंपावर एकच हेल्मेट तीन डोक्यांवर फिरताना मी पाहिलं. पट्टा अर्थात कुणीच लावला नव्हता.

हे सगळं मामाला सांगितल्यावर तो जरा गप्प झाला. मग मामीच म्हणाली, “आणि पीथमपूरच्या वाटेवर राऊजवळचं काय?” पहिल्या पावसात ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातली काळी माती डांबरावर आणून टाकली होती. माळव्याची ही माती पाणी पिऊन फुगते आणि साबणासारखी होते.

“ते पडणं थोडंच?” मामा म्हणाला. “मी कुठे पडलो? मी उभाच होतो. गाडी पडली.”