बाळाची टाचेची टेस्ट : विचारून घ्या, लाजू नका

जन्मलेल्या बाळाच्या टाचेतनं रक्ताचे थेंब घेऊन जन्मजात आजार आहे का बघतात, ती ही टेस्ट. आमच्या टेस्टच्या काउंटरवर लातूर, औसा, निलंग्याकडनं लोक येतात अन् पहिला प्रश्न बहुतेक सासूबाईंचाच असतो, हिनं ग्रहणात भाजी चिरली म्हणून लेकरू असं आजारी झालं का? नाही हो मावशी, ग्रहणाचा काही संबंध नाही.

जीनमधला (आई-बापाकडनं आलेल्या शरीराच्या सूचनांमधला) बदल, म्हणजे म्युटेशन, कसं असतं तर किराण्याच्या यादीत 'पीठ'च्या जागी 'मीठ' लिहिलं गेलं. अक्षर एकच चुकलं पण भाकरी बिघडली. अशा यादीच्या दोन कॉप्या असतात, एक आईकडची एक बापाकडची, आणि पीकेयू (फिनाईलकीटोन्युरिया, प्रोटीनमधला एक घटक न पचण्याचा जन्मजात आजार) सारख्या आजारात एक जरी कॉपी नीट असली तरी भागतं, दोन्ही चुकीच्या आल्या तरच आजार होतो. म्हणजे चूक दोघांकडनं आली, मग बोल एकट्या सुनेलाच का? मामाच्या पोरीशी लग्न आपल्याकडं नवीन नाही, तिथं नवऱ्याच्या आजोळचे आजी-आजोबा तेच बायकोचे आजी-आजोबा, त्यामुळं एकच चूक दोघांत असायचा चान्स वाढतो. दरवेळी होतंच असं नाही. पण दोघांत चूक असली तर प्रत्येक गरोदरपणात ४ पैकी १ हा धोका नव्यानं असतो, पहिलं असं झालं म्हणजे पुढची तीन चांगली हा हिशोब चुकीचा आहे, आणि तो आम्ही लई वेळा ऐकलाय.

पीकेयूत दूध-डाळीतल्या प्रोटीनमधलं फिनाईलअ‍ॅलॅनिन लिव्हरला मोडता येत नाही, ते रक्तात साठतं अन् मेंदूच्या वाढीवर बसतं. बाळ जन्मताना एकदम छान दिसतं, म्हणूनच फसगत होते, काही महिन्यांनी बसायला उशीर, बोलणं नाही, तेव्हा धावाधाव, आणि तोवर झालेलं नुकसान पूर्ण भरून येत नाही. १९३४ साली नॉर्वेत एका आईनं पोरांच्या लघवीला वेगळाच वास येतो म्हणून डॉक्टरांच्या मागं लागून लागून हा आजार शोधायला लावला. लवकर कळलं तर स्पेशल पावडर अन् मोजून प्रोटीन, यावर मेंदू वाचतो. पथ्य कडक आहे, महागही आहे, खोटं कशाला बोलू.

फ्रॅजाइल एक्स, म्हणजे बुद्धी अन् बोलणं मागं पडायचा जन्मजात आजार, त्याचं वेगळं आहे. तिथं एफएमआर-१ जीनमधली तीन अक्षरं २०० पेक्षा जास्त वेळा परत परत येतात, पोरांना त्रास पोरींपेक्षा जास्त. त्यावर पक्कं औषध नाही पण स्पीच थेरपीनं फरक पडतो, आणि याची तपासणी टाचेच्या टेस्टमध्ये येत नाही, वेगळी करावी लागते.

सॅम्पल जन्मानंतर ४८ ते ७२ तासांत, बाळ दूध प्यायला लागल्यावर. नॉर्मल डिलिव्हरीत दुसऱ्याच दिवशी घरी सोडतात अन् टेस्ट राहून जाते, तर निघायच्या आधीच आम्हाला फोन करा. टाचेला बारीक सुई टोचून टीपकागदाच्या कार्डावरच्या गोलात रक्त पार मागपर्यंत भिजू द्यायचं, मग सावलीत आडवं ठेवून वाळवायचं. मागच्या उन्हाळ्यात एका पाहुण्यानं कार्ड गाडीच्या काचेपाशी ठेवून आणलं, सॅम्पल गेलं वाया अन् बाळाला परत टोचावं लागलं.

रिपोर्टमध्ये काही निघालं तरी घाबरून जाऊ नका, ती फक्त चाळणी आहे, पक्की टेस्ट पुन्हा करावी लागते. लेकरू मोठं झालं असलं अन् शंका असली तर अंगणवाडीत येणाऱ्या आरबीएसकेच्या (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या) टीमला दाखवा, ही सरकारी योजना आहे, १८ वर्षांपर्यंत फुकट.

येताना डिस्चार्ज कार्ड आणा, आणि नात्यातलं लग्न असलं तर सांगा, आमच्याकडं कोणी नाक मुरडत नाही.