सिझर आणि ‘रक्त गोठवायचं’ इंजेक्शन

नाशिकमध्ये सिझरची तारीख ठरली की नातेवाईक हमखास म्हणतात, “डॉक्टर, रक्त गोठवायचं इंजेक्शन आधीच द्या, म्हणजे रक्त जाणारच नाही.” त्यांना म्हणायचं असतं ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड. हा समज चुकीचा आहे. हे औषध रक्त गोठवत नाही. झालेली गुठळी लवकर विरघळू देत नाही, एवढंच.

वार सुटल्यावर रक्त थांबतं ते गर्भाशय आवळल्यामुळे. स्नायूंचे धागे घट्ट होतात आणि त्यांच्यामधल्या रक्तवाहिन्या चिमटल्या जातात. म्हणून पहिलं औषध गर्भाशय आवळणारं ऑक्सिटोसिन, १० युनिट. ते शिरेतून झपकन ढकललं तर रक्तदाब कोसळतो, म्हणून सावकाशच. शिवाय ते २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. जिल्ह्यातल्या सुरगाण्याकडे ऐन मे महिन्यात फ्रिज बंद राहिला, तर अँपूल (औषधाची काचेची छोटी कुपी) दिसते तशीच, असर मात्र उतरलेला. अशा ठिकाणी त्याच कामाचं, उष्णतेत टिकणारं कार्बेटोसिन, १०० मायक्रोग्रॅम, फार उपयोगाचं. एकच डोस बराच वेळ काम करतो.

गर्भाशय आवळणारी आणखीही औषधं आहेत, पण जपून: मिथाइलअर्गोमेट्रिन बीपी वाढलेल्या बाईला नको, कार्बोप्रोस्ट दमा असलेलीला नको. मिसोप्रोस्टॉलने हुडहुडी भरून ताप येतो.

मग ट्रॅनेक्सॅमिक कधी? जास्त रक्तस्राव सुरू झालाच तर, बाकी औषधांच्या जोडीला: १ ग्रॅम, १० मिनिटांत शिरेतून, प्रसूतीपासून ३ तासांच्या आत. आणि ही अँपूल पाठीतल्या भुलीच्या ट्रेमध्ये कधीच ठेवू नये. दिसायला भुलीच्या अँपूलसारखी असल्याने चुकून मणक्यात गेली, तर झटके येऊन जीव जाऊ शकतो.