सल्फ्युरिक ॲसिड घ्यायचंय? ओळखपत्र, रजिस्टर आणि साठवण

नाना पेठेतला बॅटरीवाला, भोसरीतलं प्लेटिंगचं युनिट, कॉलेजची प्रयोगशाळा, सगळ्यांनाच सल्फ्युरिक ॲसिड लागतं. त्याच्या किरकोळ विक्रीवर सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २०१३ च्या आदेशाने बंधनं घातली. ॲसिडहल्ल्यांनी होरपळलेल्या मुलींसाठी ती घातली गेली, म्हणून ती मनापासून पाळावीत.

खरेदी करणाऱ्याचं वय १८ पूर्ण हवं. पत्ता असलेलं सरकारी फोटो ओळखपत्र दाखवावं लागतं: आधार किंवा मतदार ओळखपत्र चालेल. पॅन कार्डावर पत्ता नसतो, त्यामुळे नुसतं तेच नेऊ नका. ॲसिड कशासाठी हवंय तेही सांगावं लागतं. दुकानदाराने नाव, पत्ता आणि किती दिलं हे रजिस्टरमध्ये लिहायचं. त्याच्याकडचा साठा प्रांताधिकाऱ्यांकडे जाहीर केलेला हवा. नसेल तर जप्ती आणि ५० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. नोंद न करता देणाऱ्याकडून घेऊच नका.

कॉलेज, संशोधन प्रयोगशाळा आणि रुग्णालयांनी वापराचं रजिस्टर ठेवून ते प्रांताधिकाऱ्यांकडे द्यायचं, आणि साठ्याची जबाबदारी एका व्यक्तीवर सोपवायची. प्रयोगशाळेतून बाहेर पडणाऱ्यांची तपासणीही सक्तीची आहे. माझ्या मते यातली सर्वांत मोलाची अट एका व्यक्तीच्या जबाबदारीची आहे. किल्ली सगळ्यांकडे असली की बाटली कधी गेली हे कुणालाच कळत नाही.

आता साठवण. ९८ टक्के ॲसिड पाण्याच्या जवळजवळ दुप्पट जड असतं, म्हणून भरलेला कॅन एकट्याने उचलू नये. ते हवेतला ओलावा ओढून घेतं. पावसाळ्यात झाकण घट्टच हवं. पातळ झालेलं ॲसिड लोखंड खातं आणि हायड्रोजन सुटतो, म्हणजे स्फोटाचा धोका. पातळ करताना नेहमी पाण्यात ॲसिड, हळूहळू ढवळत. उलट केलंत तर उष्णतेने ते उसळून थेट तोंडावर येतं. चष्मा, रबरी हातमोजे आणि ॲप्रन घातल्याशिवाय हात लावू नका.

अंगावर उडालं तर कपडे काढून निदान २० मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा आणि १०८ ला फोन करा. त्वचेवर सोडा चोळू नका. तो जमिनीवर सांडलेल्यासाठी.

वापरलेलं ॲसिड नाल्यात सोडायचं नाही. कारखान्याला प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आणि घातक कचऱ्याचं प्राधिकारपत्र लागतं. ते ॲसिड मान्यताप्राप्त ठिकाणीच पाठवायचं.